दातांची कळ : कारणे, काळजी आणि उपाय

समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलेल्या नगर शहरात, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरात, मार्गशीर्ष-पौषातील पहाट बोचरी असते. मनमाड रस्त्याच्या अंगाने वाढत गेलेल्या सावेडी उपनगरात, पाइपलाइन रस्त्यापासून भिस्तबागेपर्यंतच्या घरांत, गच्चीवरील टाकीत रात्रभर गारठलेले पाणी सकाळी नळाला येते आणि पहिलीच चूळ भरताना अनेकांच्या दातांतून सणकन कळ जाते. डोळे मिटतात, हात आपोआप गालावर जातो आणि दुसऱ्याच क्षणी सारे शांत होते. उन्हाळ्यात हीच कळ रसवंतीगृहातील बर्फ घातलेल्या उसाच्या रसाने येते, आमरसाच्या दिवसांत गोडाने येते, आणि आंबट कैरीने दात आंबतात तेव्हाही येते.

कळ क्षणभराची असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे जाते. कोणी थंड पाणी सोडतो, कोणी एकाच बाजूने चावू लागतो, कोणी जाहिरात पाहून टूथपेस्ट बदलतो. घरातील वडीलधारी माणसे 'वयच झाले' असे म्हणून गप्प बसतात. मात्र या सवडीच्या उपायांत एक धोका दडलेला असतो. दातांतील कळ हा स्वतंत्र रोग क्वचितच असतो. बहुधा ती दाताच्या झिजेची किंवा हिरडी खाली सरकल्याची सूचना असते, आणि कधी कधी तिच्या आड कीड किंवा तडाही लपलेला असतो. सूचना वेळेवर समजली तर उपाय साधा, स्वस्त आणि घरच्या घरी होणारा असतो. ती समजली नाही तर त्याच दाताला पुढे मोठ्या उपचाराची, प्रसंगी काढून टाकण्याचीही पाळी येते.

दाताच्या आत काय असते?

दात बाहेरून दगडासारखा निर्जीव भासतो, पण तो तसा नाही. हिरडीच्या वर दिसणाऱ्या भागावर दंतवल्काचे, म्हणजे इनॅमलचे कवच असते. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे त्यात वेदना नसते. पण त्याच कारणाने एकदा झिजलेले कवच हाडाप्रमाणे पुन्हा भरूनही येत नाही.

या कवचाच्या आत डेन्टिन नावाचा पिवळसर, किंचित मऊ थर असतो. त्यातून केसापेक्षा कितीतरी बारीक अशा नलिका बाहेरच्या बाजूकडून दाताच्या गाभ्यापर्यंत गेलेल्या असतात. एका चौरस मिलिमीटर जागेत अशा हजारो नलिका मावतात आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. गाभ्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. हिरडीखालच्या मुळावर मात्र दंतवल्क नसते. तेथे सिमेंटम नावाचा अतिशय पातळ थर असतो आणि हिरडी खाली सरकून तो उघडा पडला की थोड्याच काळात घासून निघून जातो.

म्हणजे नलिकांची तोंडे उघडी पडण्याचे मार्ग दोन आहेत. एक, वरचे कवच झिजणे. दुसरा, हिरडी सरकून मूळ उघडे होणे. बहुसंख्य रुग्णांत दुसरे कारण आढळते.

नलिका उघड्या पडल्यावर कळ कशी उमटते, हा प्रश्न दंतशास्त्राला दीर्घकाळ पडला होता. नलिकांतील द्रवाची हालचाल हेच कारण असावे, अशी कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड गीझी यांनी १९०० च्या सुमारास मांडली होती. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात प्रयोगांद्वारे तिला भक्कम आधार दिला. थंड पाणी लागले की नलिकांतील द्रव बाहेरच्या दिशेने सरकतो. वाऱ्याने पृष्ठभाग कोरडा पडला तरी सरकतो. दाट गोड पदार्थ आपल्याकडे पाणी ओढून घेतो, त्यानेही सरकतो. या सूक्ष्म हालचालीने गाभ्याजवळील मज्जातंतू चेतवले जातात आणि कळ येते. थंडीने द्रव वेगाने बाहेर येत असल्याने गरम पदार्थापेक्षा थंड पदार्थाने कळ अधिक येते. ही एवढी यंत्रणा लक्षात घेतली की सर्व उपायांचे मर्म दोन वाक्यांत सांगता येते. उघड्या नलिका बंद करणे, अथवा मज्जातंतू शांत करणे; आणि नलिका ज्या कारणाने उघडल्या ते कारण दूर करणे. तिसरी गोष्ट राहून गेली तर पहिल्या दोहोंचा लाभ टिकत नाही.

जोर लावून घासण्याची सवय

दात जितके जोरात घासावेत तितके स्वच्छ होतात, ही समजूत घराघरांत आहे. खरे तर दातांवरचा जंतूंचा थर मऊ असतो आणि तो हलक्या हातानेही निघतो. कडक ब्रशने करवतीसारखे आडवे घासल्यास हिरडी खाली सरकते आणि दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, खाच पडते. सुळे आणि त्यांच्यामागील लहान दाढा यांच्या बाहेरच्या बाजूला अशा खाचा अधिक दिसतात, कारण ब्रशचा पहिला जोर तेथेच बसतो. गंमत अशी की, हा त्रास स्वच्छतेबाबत अतिशय काटेकोर असणाऱ्यांनाच पुष्कळदा होतो.

चुलीची राख, कोळशाची पूड, विटेचा चुरा, मीठ यांनी दात घासण्याची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे. आता तीच कोळशाची पूड आकर्षक डब्यांतून 'नैसर्गिक' म्हणून परत आली आहे. खरखरीत पूड दात तात्पुरते पांढरे दाखवते. पण तो पांढरेपणा कवच खरवडून मिळालेला असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावण्याची चाल आहे. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, तरी घरी भाजलेली मिश्री थांबलेली नाही. मिश्रीने क्षणभर बधिरपणा येतो आणि कळ थांबल्यासारखी वाटते, म्हणून ती पुन्हा लावली जाते. दुसरीकडे हिरड्या सुटत जातात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

जेवणानंतरची सुपारी हाही असाच दुर्लक्षित विषय. व्यसनांपासून दूर असलेल्या घरांतही मुखवासाच्या डब्यात सुपारी असते. कडक सुपारी वर्षानुवर्षे चघळल्याने दाढांचे माथे सपाट होतात, आणि एखाद्या दिवशी तुकडा दाताखाली सापडून दाढेला तडा जातो. सुपारीने तोंड उघडण्यास अडथळा आणणारा गंभीर विकारही होतो. बडीशेप, धणाडाळ किंवा भाजलेले तीळ असा मुखवास तोंडालाही बरा आणि दातांनाही.

ताटातील आंबट

दातांच्या कवचाला जंतूंइतकाच आंबटाचाही उपद्रव होतो. तोंडातील आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे सामू सुमारे ५.५ च्या खाली उतरला, की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लिंबाचा रस, चिंच आणि कोलासारखी पेये या मर्यादेच्या बरीच खाली असतात. दही आणि ताकही आंबट असते. पण त्यात कॅल्शियम भरपूर असल्याने कवचाला त्यांचा तितका उपद्रव होत नाही.

मारवाडी-जैन स्वयंपाकात आंबटाला मानाचे स्थान आहे. तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा आमचूर, कोकम, चिंच यांवर चव पेलली जाते. या पदार्थांवर बंदी घालण्याचे कारण नाही. भाजीत शिजलेले आंबट जेवणाबरोबर पोटात जाते आणि लाळ त्याचा निचरा करते. हानी होते ती आंबट वारंवार तोंडात घोळवल्याने. दिवसभर चघळलेली आवळा सुपारी, मीठ लावलेली चिंच, घोट घोट करून तासभर पुरवलेले लिंबू सरबत, वजन कमी करण्यासाठी रोज उपाशीपोटी घेतलेले लिंबूपाणी, ही त्याची नेहमीची उदाहरणे. सरबत एका बैठकीत प्यावे, शक्य तर नळीने प्यावे, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी.

आंबटानंतर लगेच दात घासणे ही मात्र हमखास टाळण्याजोगी चूक आहे. आम्लाने कवचाचा पृष्ठभाग काही काळ मऊ पडलेला असतो. त्यावर लगेच ब्रश फिरवला तर तो मऊ थर खरवडला जातो. किमान अर्धा तास थांबल्यास लाळेतील खनिजे त्याला पुन्हा बळकटी देतात.

आम्ल नेहमी ताटातूनच येते असेही नाही. ज्यांना पित्ताचा त्रास आहे, रात्री घशाशी आंबट येते, त्यांच्या दातांची आतली बाजू झिजलेली आढळते. गरोदरपणातील उलट्यांमुळेही असे होते. उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी. पित्ताचा उपचार झाल्याखेरीज अशा दातांची कळ पूर्ण थांबत नाही, म्हणून दंतवैद्याबरोबर कुटुंबाच्या डॉक्टरांनाही हे सांगणे आवश्यक असते.

तपश्चर्या आणि दात

नगर ही आचार्यसम्राट आनंदऋषीजी महाराजांच्या दीर्घ सहवासाने पावन झालेली भूमी. १९९२ मध्ये त्यांचे महानिर्वाण याच शहरात झाले. येथील घरांत चातुर्मासात अठ्ठाई, एकासणे, आयंबील आणि वर्षीतप यांची परंपरा जिवंत आहे. अशा वेळी 'तपाने दात खराब होतात का?' हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. त्याचे उत्तर भीतीपोटी देऊ नये आणि टाळूही नये.

दातांच्या दृष्टीने पाहिले तर दिवसातून किती वेळा खाल्ले जाते याला मोठे महत्त्व आहे. प्रत्येक खाण्यानंतर तोंडातील आम्लता वाढते आणि लाळेला ती पूर्ववत करण्यास वेळ लागतो. एकासणे किंवा बियासण्यात खाण्याच्या वेळा मोजक्या असतात आणि चोविहारात सूर्यास्तानंतर तोंड पूर्ण विसावते. हा दीर्घ विसावा दातांना हितकारकच ठरतो. गोड-तिखट पदार्थांचे दिवसभर तोंड चालू ठेवणाऱ्या माणसापेक्षा या बाबतीत तपस्वी अधिक सुरक्षित असतो.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली लाळेची. दीर्घ उपवासात पाणी कमी पडले की तोंड कोरडे होते, आणि कोरड्या तोंडात दातांचे नैसर्गिक संरक्षण घटते. पाणी घेण्याची मोकळीक असलेल्या उपवासात दिवसभर ठराविक अंतराने पाणी घेत राहणे म्हणूनच हिताचे. उकळलेले पाणी कढत असतानाच पिण्याची घाई करू नये. कोमट झाल्यावर घेतल्यास दातांना आणि घशालाही ते सुखकर होते. ज्यांचे दात कळ देतात त्यांना कोमट पाणी सर्वांत सोसते, आणि ही सोय तपाच्या नियमातच आहे.

दुसरी अडचण पारण्याची. वर्षीतपाचे पारणे अक्षय तृतीयेला इक्षुरसाने होते. नगर जिल्हा उसाचा. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी उभा राहिला. पारण्याच्या दिवशी रसाचा भावार्थ मोठा असतो आणि त्याने दातांचे काही बिघडत नाही. फक्त रस बर्फाचा नसावा, त्यात लिंबू पिळलेले नसावे आणि नंतर चूळ भरलेली असावी. पारण्यानंतर आग्रहाने चार घरी होणारे गोडधोड आणि सरबते मात्र पोटाप्रमाणे दातांवरही भार टाकतात.

दात घासण्याच्या वेळेचाही प्रश्न येतो. नवकारसी करणाऱ्यांना सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारल्यावर दात घासता येतात. चोविहार करणाऱ्यांनी सायंकाळच्या जेवणात आंबट बेताचे ठेवावे, जेवण थोडे लवकर आटोपावे, अर्धा तास जाऊ द्यावा आणि सूर्यास्तापूर्वी दात घासून तोंड स्वच्छ करावे. रात्री झोपेत लाळ फार कमी स्रवते; त्यामुळे दिवसातील दुसरे दात घासणे चुकवायचे नसते. चोविहारामुळे ते चुकत असेल तर वेळापत्रक बदलणे एवढाच उपाय आहे. एखादे मोठे तप आरंभण्यापूर्वी एकदा दात तपासून घेणे शहाणपणाचे, कारण अठ्ठाईच्या पाचव्या दिवशी उठलेली दाढ साधनेत मोठा विक्षेप आणते.

कोणती टूथपेस्ट, कशी वापरावी?

सौम्य कळेवर विशिष्ट टूथपेस्ट उपयोगी पडते. तिच्यातील औषधी द्रव्ये दोन प्रकारांनी काम करतात. पहिला प्रकार मज्जातंतू शांत करणारा. पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपल्या परिचयाचा सोरा, हे त्यातील प्रमुख द्रव्य. अमेरिकेतील दंतवैद्य मिल्टन होडोश यांनी १९७४ मध्ये त्याच्या या गुणाची माहिती प्रसिद्ध केली. टूथपेस्टमध्ये त्याचे प्रमाण साधारणपणे ५ टक्के असते. दुसरा प्रकार नलिकांची तोंडे बुजवणारा. स्ट्रॉन्शियमचे क्षार, स्टॅनस फ्लोराइड, आर्जिनिन आणि कॅल्शियम कार्बोनेट यांचे मिश्रण, तसेच कॅल्शियमयुक्त जैवकाच ही द्रव्ये या गटात येतात. वेष्टनावर द्रव्याचे नाव वाचून निवड करता येते.

या टूथपेस्टबद्दलची मोठी तक्रार म्हणजे 'आठ दिवस वापरली, फरक पडला नाही' ही होय. सोऱ्याचा परिणाम हळूहळू साठत जातो. दिवसातून दोनदा नियमाने वापरल्यास दोन आठवड्यांनी फरक जाणवू लागतो आणि पूर्ण लाभास चार ते आठ आठवडे लागू शकतात. कळ थांबताच वापर सोडला तर ती बहुधा परत येते. घासून झाल्यावर फेस थुंकावा आणि तोंड भरपूर पाण्याने खळखळून धुऊ नये. तसे केल्यास औषध वाहून जाते. चोविहाराचे पच्चक्खाण घेणाऱ्यांना स्वच्छ चूळ भरणे आवश्यक वाटते. त्यांनी दात सूर्यास्ताच्या बरेच आधी घासावेत, म्हणजे औषधाला काही मिनिटे मिळतील आणि मग चूळ भरता येईल. फार कळ देणाऱ्या जागी बोटाने थोडी टूथपेस्ट हलकेच चोळण्याचाही उपयोग होतो. बारा वर्षांखालील मुलांना अशी टूथपेस्ट दंतवैद्याला विचारल्याखेरीज देऊ नये.

काही टूथपेस्टमधील ग्लिसरीन किंवा कॅल्शियमचे क्षार प्राणिज असू शकतात. अनेक कंपन्या वेष्टनावर शाकाहाराचा हिरवा ठिपका छापतात. तो पाहून घेतला की मनात शंका उरत नाही.

ब्रश मऊच असावा. तो मुठीत न धरता लेखणीसारखा बोटांत धरला तर जोर आपोआप कमी होतो. केसांचा कल हिरडीकडे ४५ अंशांत ठेवून लहान, हलक्या हालचालींनी दोन मिनिटे घासावे. तीन महिन्यांत, अथवा केस पसरताच, ब्रश बदलावा. नव्या ब्रशचे केस दोन-तीन आठवड्यांतच विस्कटत असतील तर हात जड आहे, असे निश्चित समजावे.

घरगुती उपचारांत कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुजलेल्या हिरड्यांना आराम देतात. तिळाच्या किंवा खोबरेल तेलाच्या गुळण्यांनी तोंड मऊ राहते. त्या करण्यास हरकत नाही, परंतु त्यांनी नलिका बंद होत नाहीत. लवंगेचे तेल बधिरता आणते. पण शुद्ध तेल हिरडीला लागल्यास ती भाजते, आणि बधिरतेमुळे खरे दुखणे लपते. लिंबू-मीठ चोळणे तर पूर्णपणे टाळावे. आम्ल आणि घर्षण हे कवचाचे दोन्ही शत्रू त्यात एकत्र येतात.

टूथपेस्टवर विसंबू नये अशी कळ

साध्या संवेदनशीलतेची कळ तीक्ष्ण, क्षणिक आणि कारण सरताच थांबणारी असते. ती बहुधा एकापेक्षा अधिक दातांत जाणवते. पुढील लक्षणांपैकी एकही आढळले तर ती साधी संवेदनशीलता मानू नये :

– थंड पाणी गेल्यावरही दुखणे मिनिटभर किंवा अधिक रेंगाळणे;
– काहीही न खाता, विशेषतः रात्री, आपोआप ठणका लागणे;
– गरम पदार्थाने दुखणे वाढणे;
– चावताना अथवा चावून दात सोडताना एकाच दाढेत कळ येणे;
– हिरडीवर फोड, सूज, पू किंवा तोंडाला दुर्गंधी;
– दातावर काळा खड्डा दिसणे किंवा दात हलू लागणे.

रेंगाळणारे दुखणे आणि रात्रीचा ठणका गाभा सुजल्याचे सुचवतात. चावतानाची कळ तडा गेल्याचे सुचवते. अशा दातावर महिनोन्महिने औषधी टूथपेस्ट लावत राहणे म्हणजे पोटातील दुखण्यावर वरून मलम चोळण्यासारखे आहे. कीड लहान असताना भरून घेतलेला दात आयुष्यभर साथ देतो. गाभ्यापर्यंत पोहोचल्यावर मूळनलिकेचा उपचार आणि त्यावर टोपी असा खर्च व वेळ दोन्ही वाढतो. चार आठवडे योग्य टूथपेस्ट वापरूनही कळ कमी झाली नाही, तर त्यामागे वेगळे कारण आहे असे धरून तपासणी करून घ्यावी.

मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जागरूक राहावे. त्यांच्या हिरड्यांचे विकार लवकर बळावतात आणि तोंड कोरडे राहते. रक्तदाब, ॲलर्जी आणि नैराश्यावरील काही औषधांनीही लाळ कमी होते. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मात्र चालू औषधांची यादी दंतवैद्याला दाखवावी.

दंतवैद्य काय करतात?

तपासणीत हवेचा हलका फवारा दातांवर मारून कोणता दात प्रतिसाद देतो ते पाहिले जाते. आवश्यक तेथे क्ष-किरण चित्र काढले जाते. कीड, तडा आणि हिरडीचा विकार नाही याची खात्री झाली की उपाय पायरीपायरीने होतात. फ्लोराइडचा दाट लेप किंवा नलिका बुजवणारे द्रव्य काही मिनिटांत लावून होते. त्यासाठी भूल लागत नाही. मानेशी खोल खाच असेल तर ती दाताच्या रंगाच्या द्रव्याने भरतात. झोपेत दात खाण्याची सवय असलेल्यांना रात्री घालण्याची पारदर्शक पट्टी दिली जाते. ताणाखाली असलेल्या तरुणांत ही सवय पुष्कळ आढळते आणि ती बहुधा जोडीदाराच्याच लक्षात येते.

हिरडी फारच सरकली असेल तर तेथे ऊतीचे रोपण करता येते. या शस्त्रक्रियेत कधी कधी गुरे किंवा डुकरे यांच्या ऊतींपासून बनवलेले पडदे वापरले जातात. जैन कुटुंबांनी याविषयी आधीच विचारावे. रुग्णाच्या स्वतःच्या टाळूवरील ऊती घेऊनही हे रोपण होते आणि ती पद्धत उत्तम मानली जाते. संकोच न करता विचारलेला प्रश्न नंतरची खंत टाळतो.

'दात साफ करून घेतले की ते हलू लागतात' हा समज आजही अनेकांना दंतवैद्यापासून दूर ठेवतो. वस्तुस्थिती अशी की, वर्षानुवर्षे साचलेला कठीण थर, म्हणजे टार्टर, निघाल्यावर त्याखाली आधीपासून असलेली फट दिसू लागते आणि मुळे उघडी झाल्याने काही दिवस थंड लागते. हिरड्यांची सूज उतरल्यावर ही कळ साधारणतः आपोआप ओसरते. टार्टर तसाच ठेवला तर हिरडी आणि हाड हटत जाते, आणि दात खरोखरच हलू लागतात.

सावेडीत पाइपलाइन रस्ता, गुलमोहर रस्ता, प्रोफेसर कॉलनी या परिसरात दंतवैद्यांचे दवाखाने चालण्याच्या अंतरावर आहेत. ज्यांना खर्चाची चिंता आहे त्यांच्यासाठी जिल्ह्यातच लोणी आणि संगमनेर येथे दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांत अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात आणि शुल्क खासगी दवाखान्यापेक्षा सामान्यतः कमी असते. वेळ थोडा अधिक द्यावा लागतो, इतकेच.

घरातील मोठ्यांकडे लक्ष

घरोघरी एक चित्र हळूच आकार घेत असते. आजी भाकरी सोडून दुधात पोळी कुस्करू लागते, काकडी आणि फळे ताटात तशीच राहतात, आजोबा पाणी कमी पितात कारण ते थंड असते. सुनेला वाटते भूक मंदावली. मुलाला वाटते वयोमान. दातांतील कळ कोणी सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. अशा रीतीने पोषण घटते, शरीरातील पाणी घटते आणि अशक्तपणा वाढतो. म्हणून वडीलधाऱ्यांच्या ताटात काय उरते याकडे घरातील तरुणांनी लक्ष द्यावे, त्यांना पाणी कोमट करून द्यावे, मऊ ब्रश आणून द्यावा आणि वर्षातून एकदा तरी सोबत जाऊन त्यांचे दात तपासून आणावेत. 'दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण नशिबाची खंत सांगते; पण आजच्या घरात चणे आहेत आणि दात टिकवण्याचे ज्ञानही आहे.

चातुर्मासाला आरंभ होण्यापूर्वी घराची साफसफाई होते, धान्य निवडले जाते, तपाचे संकल्प केले जातात. त्याच दिवसांत कुटुंबातील प्रत्येकाची दंततपासणी उरकली, घरातील कडक ब्रश बदलले आणि मुखवासाच्या डब्यातून सुपारी काढली, तर येणारी थंडी आणि येणारे पारणे दोन्ही बिनकळेचे जातील.